टोपीकर क्रियापद

"फ्रान्समध्ये जे आज कुणी बोलत नाही, ते पाचगणीच्या पोरांनी कशाला घोकायचं?" फ्रेंचच्या शिक्षकांत इम्परफेक्ट सबजंक्टिव्हचा विषय निघाला की हा सवाल हटकून येतो, आणि तो टाकणाऱ्याच्या चेहऱ्यावर वाद जिंकल्याचं समाधान असतं. मग पाठोपाठ बाकीची फौज येते. परीक्षेत विचारत नाहीत. उच्चार ऐकून मुलं फिदीफिदी हसतात. हा सगळा साहेबी शाळांचा जुना नखरा आहे. आणि शेवटचा हुकमाचा पत्ता: अहो, खुद्द फ्रेंच सरकारनेच १९०१ साली यातून लोकांची सुटका केली, आपण कोण लागून गेलो? मी या गावात वर्षानुवर्षं फ्रेंच शिकवते आहे आणि ही वाक्यं मला आता तोंडपाठ झाली आहेत. प्रत्येकात थोडं तथ्य आहे, हे कबूल. पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो, की हे रूप वर्गाबाहेर काढा, तो मला साफ अमान्य आहे.

फ्रेंच न येणाऱ्या वाचकासाठी आधी भानगड काय आहे ती सांगते. "त्याने यावं असं मला वाटतं." यातलं "यावं" घडलेलं काही सांगत नाही, घडणारही सांगत नाही. ते मनातलं सांगतं. मोरो केशव दामल्यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त (१९११) याला वाख्यात म्हटलंय. शाळेत आपण विध्यर्थ म्हणून शिकलो. इच्छा, आज्ञा, भीती, शंका, "जरी", "म्हणून" अशा ठिकाणी फ्रेंचमध्ये क्रियापदाचं जे रूप येतं ते सबजंक्टिव्ह. मराठीत मुख्य वाक्य भूतकाळात ढकललं तरी "यावं"ला त्याचं सोयरसुतक नसतं: त्याने यावं असं मला वाटत होतं. काटेकोर लिखित फ्रेंचमध्ये मात्र मुख्य क्रियापद मागे गेलं की पोटवाक्यातल्या "यावं"लाही मागे जावं लागतं. ते मागे गेलेलं रूप म्हणजे इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह. आजची बोलती फ्रेंच हा नियम पाळत नाही. "ज व्हुले किल व्हिएन" असं सर्रास म्हणतात: "व्हुले" भूतकाळातलं, "व्हिएन" वर्तमानातलं. मराठीने पूर्वापार जे केलं, तिथेच फ्रेंच बोलणारा आज येऊन पोचला आहे.

तेव्हा "कुणी बोलत नाही" हे खरं आहे. पुढे काय? बोलत नाही म्हणून वाचायचंही नाही, ही उडी कुठून आली?

"तो पहाटे उठे, नदीवर जाई, येताना फुलं आणी." असं आज साताऱ्यात, सांगलीत, पुण्यात कोण बोलतं? उठायचा, जायचा, आणायचा, असंच आपण म्हणतो. उठे-जाई-आणी हा रीतिभूतकाळ बोलण्यातून केव्हाच गेला. पण कथांमध्ये, चरित्रांत, आठवणींच्या पुस्तकांत तो पानापानांवर भेटतो आणि कुणालाही अडत नाही. मराठीच्या शिक्षकाला आजवर कुणी सांगितलं नाही, की बाई, हे रूप गाळा, बाजारात चालत नाही. "तुका म्हणे" तर प्रत्येक मराठी माणसाच्या कानात आहे. तुकोबांच्या अर्थाने "म्हणे" आज कुणी वापरतं का? बोलण्यात ते उरलंय फक्त ऐकीव बातमीच्या शेपटीला: तो म्हणे आजारी आहे. फ्रेंचमध्येही अगदी असंच झालंय. रूप बोलण्यातून गेलं, पण "न फ्यू-स क", म्हणजे "निदान एवढ्यासाठी तरी", असे काही ठोकळे आजच्या वर्तमानपत्रांतही बिनदिक्कत येतात. आणि पसरणीचा घाट उतरून वाईला गेलात तर तिथे केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा आहे. तिथल्या विद्यार्थ्याला कुणी विचारलं असेल का, की "चकार" आणि "बभूव" म्हणून तू दुकानात काय मागणार आहेस? ज्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या संस्कृतची रूपं केवळ वाचण्यासाठी शिकली गेली, तिथे "बोलत नाहीत" हा आक्षेप म्हणून मांडावा, याची मला गंमत वाटते.

वाचताना हे रूप ओळखता आलं नाही तर बिघडतं काय, हा खरा प्रश्न आहे, आणि तो मात्र सहसा कुणी विचारत नाही. एक वाक्य घेऊ: "इल दी किल व्हँ". उच्चार एकच. लिहिताना शेवटच्या शब्दात चार अक्षरं: व्ही, आय, एन, टी. आयवर नुसतं टिंब असलं तर अर्थ होतो, "तो आला असं त्याने सांगितलं." त्याच आयवर टिंबाऐवजी सर्कमफ्लेक्सची छोटी टोपी चढली की अर्थ होतो, "त्याने यावं असं त्याने सांगितलं." एकात बातमी, दुसऱ्यात हुकूम. कानाला फरक नाही, फरक सगळा डोळ्याला. करणं, असणं, जवळ असणं, शकणं या रोजच्या क्रियापदांचीही हीच तऱ्हा: टोपी नसली तर घडलेली गोष्ट, टोपी असली तर मनातली. आपले बखरकार युरोपियनांना टोपीकर म्हणत. मी वर्गात या रूपांना टोपीकर क्रियापदं म्हणते आणि मुलांच्या ते लगेच लक्षात राहतं. जुन्या स्पेलिंगमध्ये टोपीच्या जागी अनुच्चारित एस लिहीत, फ्रेंच अकादमीच्या १७४०च्या कोशाने तो एस काढून टोपी बसवली. त्याआधीच्या छापील पानांवर एस कुठेही घुसलेला दिसतो, साध्या भूतकाळातही. मग टोपीचाही आधार उरत नाही. वाक्याची घडण ओळखूनच अर्थ लावावा लागतो.

आता कुणी म्हणेल, हे उदाहरण प्रयोगशाळेतलं झालं. मग पुस्तकातलं घ्या, आणि तेही मुलांच्या आवडीचं. ज्यूल व्हर्न आपल्याकडे भा. रा. भागवतांनी घरोघर पोचवला. 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा' ही त्याची कादंबरी १८७२ साली 'ल तां' या पॅरिसच्या दैनिकात क्रमशः येत होती. फिलीअस फॉग मुंबईला उतरतो, रेल्वेने घाट ओलांडून खानदेशातून बुऱ्हाणपूरकडे जातो. आपल्याच मुलखातून जाणारी गोष्ट. या कादंबरीचं पहिलंच वाक्य उघडा. फॉग कुठे राहतो, कोणत्या क्लबाचा सभासद आहे हे सांगून झाल्यावर वाक्याच्या शेपटाला लेखक त्याचा स्वभाव सांगतो: तो अत्यंत विलक्षण माणूस, जरी कुणाचं लक्ष वेधलं जाईल असं काहीही न करण्याचा त्याने जणू वसाच घेतलेला दिसत होता. या शेपटात दोन इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह आहेत, "सांब्ला" आणि "प्यू". पहिलं "जरी"मुळे आलंय, दुसरं "असं काहीही न" मुळे. "प्यू"वरची टोपी न दिसलेल्या मुलाला ते "शकला" या साध्या भूतकाळासारखं वाचता येतं. मग फॉगने काही केलं होतं आणि त्याने लक्ष वेधलं गेलं होतं की नाही, याचा घोळ सुरू होतो. व्हर्नने तर नेमकं न घडलेलं, कल्पनेतच टाळलेलं काहीतरी सांगितलंय. अख्ख्या कादंबरीत फॉगचा जो थंड, कोरा चेहरा दिसतो त्याची पहिली रेघ त्या टोपीने काढली आहे. सरसकट सगळीकडे अर्थाचा असा अनर्थ होतो असं मी म्हणत नाही. "सांब्ला" न ओळखताही मुलगा शब्दकोशाच्या जोरावर निभावून नेईल. पण पहिल्याच वाक्यात दोनदा अडखळणारा पोरगा दुसऱ्या पानापर्यंत जात नाही, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. आणि हे वाक्य कुठल्या अकादमीतल्या भाषणातलं नाही. पॅरिसचा दुकानदार पेपर उघडून वाचत होता ते आहे.

१९०१चा पत्ता आता उलटून पाहू. शिक्षणमंत्री जॉर्ज लेग यांचा २६ फेब्रुवारी १९०१चा आदेश मी वाचला आहे. हुकमाचा पत्ता टाकणाऱ्यांनी तो वाचला असेल तर त्यांनी अर्धाच सांगितला. त्यात म्हटलंय एवढंच, की मुख्य क्रियापद संकेतार्थी असेल तिथे परीक्षार्थीने इम्परफेक्टऐवजी वर्तमानातलं सबजंक्टिव्ह लिहिलं तर तपासनीसाने ते चालवून घ्यावं. चालवून घ्यावं, म्हणजे मार्क कापू नयेत. १९७६ साली ही सवलत आणखी सैल केली गेली. दोन्ही आदेश लिहिणाऱ्या विद्यार्थ्यावर दया दाखवतात. वाचणाऱ्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. आणि १९९०ची गोष्ट तर या मंडळींना ठाऊकच नसावी. त्या वर्षी फ्रेंच स्पेलिंगची मोठी साफसफाई झाली आणि आय व यू या अक्षरांवरच्या टोप्या ऐच्छिक ठरवल्या गेल्या. बेटाची टोपी गेली, ऑगस्टची गेली, "ओळखणं" या क्रियापदाचीही गेली. अपवाद म्हणून ज्या मोजक्या जागा मुद्दाम राखल्या, त्यात पहिली जागा क्रियापदांच्या प्रत्ययांची होती. साध्या भूतकाळाचे काही प्रत्यय आणि इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह. टोप्या उतरवायला बसलेल्या समितीने या एका ठिकाणी हात आवरला. का, ते "व्हँ"च्या दोन वाक्यांवरून कळावं.

हसू येतं, हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करते, कारण मलाही येतं. पहिल्या गटातल्या क्रियापदांचं "आम्ही" आणि "तुम्ही"चं रूप, "एमासिओं", "पार्लासिए", उच्चारायला गेलं की तोंडात दगड आल्यासारखं होतं. फ्रेंच लोकांनीच त्यावर यथेच्छ हसून घेतलंय. आल्फोन्स आलेच्या नावावर असलेली एक विनोदी प्रेमकविता तर या रूपांच्या माळेवरच उभी आहे. प्रेयसीशी इतक्या शुद्ध व्याकरणात बोलणाऱ्याचं लग्न कसं जमणार! पण ही हसू आणणारी रूपं व्हर्नलाही फारशी लागत नाहीत. गोष्ट सांगताना लागतात ती तृतीय पुरुषाची रूपं: तो, ती, ते. तिथे हसण्यासारखं काही नाही.

आणि इथे माझं भांडण दुसऱ्या बाजूशीही आहे. या रूपाला खरं बदनाम केलं ते त्याच्या विरोधकांनी नाही. सहा पुरुषांचे तक्ते फळ्यावर लिहून "उद्या पाठ करून या" म्हणणाऱ्या आपल्याच जातभाईंनी केलं. तीस क्रियापदं गुणिले सहा रूपं, वर अनियमित वेगळी. बाराव्या-तेराव्या वर्षी ज्याने हे तक्ते पाठ केले तो पुढे शिक्षक झाला की सूड म्हणून तरी ते पुढच्या पिढीला देतो, नाहीतर वैतागून सगळंच गाळतो. दोघांनाही एक साधी गोष्ट दिसत नाही. पासे सँप्ल, म्हणजे गोष्टीतला साधा भूतकाळ, मुलांना वाचायला शिकवावाच लागतो. त्याच्याशिवाय परीकथासुद्धा वाचता येत नाही. एकदा तो ओळखता आला की तृतीय पुरुष एकवचनाचं टोपीकर रूप जवळजवळ फुकट मिळतं: शेवटच्या स्वरावर टोपी चढवा, झालं. पहिल्या गटात फक्त एक टी जास्तीचा. अनेकवचनात दोन एस दिसले की समजा. एवढंच पाठ करायचं. त्यासाठी दोन तासिका पुरतात, आणि तिसरीत मुलं स्वतःहून पानावर टोप्या शोधायला लागतात. ज्यांना हे जड ओझं वाटतं त्यांनी बहुधा ते ओझं कधी उचलून पाहिलेलं नाही.

साहेबी नखऱ्याच्या आक्षेपाशी मात्र थोडं थांबायला हवं, कारण तोच सगळ्यांत गंभीर आहे आणि पाचगणीत तो सगळ्यांत जास्त बोचतो. १८६०च्या दशकात जॉन चेसनने हे गाव वसवलं, मग युरोपियन मुलांसाठी शाळा आल्या, पारशी शाळा आल्या, अंजुमनची आली, १९२२मध्ये संजीवन आली. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी शिक्षणात फ्रेंच म्हणजे पियानोसारखा अंगावर मिरवायचा दागिना होता, हे कुणी नाकारत नाही. तेव्हा इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह हा त्या दागिन्यातला सगळ्यांत चकचकीत खडा, असं म्हणणाऱ्याचा राग मला समजतो. शिवाय त्याच्या बाजूने एक मोठा साक्षीदारही आहे. आल्बेर काम्यूच्या 'ला श्यूत' (१९५६) या कादंबरीत क्लामांस नावाचा पॅरिसचा माजी वकील आम्सटरडॅमच्या एका दारूच्या गुत्त्यात अनोळखी माणसाशी बोलताना हे रूप सहज फेकतो, ऐकणारा दचकलेला पाहतो आणि आपल्याला याचा सोस आहे अशी कबुलीही देतो. पुढची सगळी कादंबरी त्या गुळगुळीत भाषेमागचा खोटा माणूस उघडा करते. घ्या, म्हणतात विरोधक, काम्यूनेच सांगितलं की हे ढोंगी लोकांचं व्याकरण.

सांगितलं असेलही. पण ज्याला ते रूप ओळखू येत नाही त्याला काम्यूचा टोमणा कळणार कसा? ऐकणारा का दचकला हे वाचणाऱ्यालाही दचकल्याशिवाय समजत नाही. आणि काम्यूला ते कुठून आलं, हेही पाहा. अल्जियर्सच्या बेलकूर वस्तीतलं गरिबाचं घर. बाप १९१४ साली लढाईत मेलेला, आई निरक्षर आणि कानाने अधू. त्या घरात कुणी त्याला क्रियापदांची रूपं शिकवली नव्हती. शिकवली ती सरकारी प्राथमिक शाळेने आणि लुई जेर्मँ या मास्तराने, ज्याने त्याला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवलं. १९५७ साली नोबेल मिळाल्यावर काम्यूने ज्यांना कृतज्ञतेचं पत्र लिहिलं ते हेच मास्तर. सेनेगालचे लिओपोल्ड सेंगोर दुसरे. वसाहतीतून पॅरिसला आलेला हा काळा तरुण १९३५मध्ये व्याकरणाची आग्रेगासिओं ही कठीण परीक्षा पास झाला, १९६०मध्ये आपल्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९८३मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडला गेला. या दोघांना त्यांच्या शिक्षकांनी सांगितलं असतं, की बाळा, हे रूप बड्यांचं आहे, तुला काय करायचंय, तर ते कुणाच्या हिताचं झालं असतं?

पाचगणीच्या वर्गात आज जी मुलं असतात त्यात काहींच्या घरी जिनिव्हा-पॅरिस म्हणजे उन्हाळ्याची सुटी. त्यांचं माझ्या शिकवण्यावाचून काही अडत नाही. वर्गात वाई-खंडाळ्याची, कऱ्हाडची, तासगावची मुलंही असतात. आईबापांनी जमीन नाहीतर धंद्यातला पैसा मोकळा करून त्यांना इथे ठेवलेलं असतं. फ्रेंचमधली मूळ पुस्तकं वाचता येणं हे त्यांना घरून मिळणार नाही. वर्गातूनच मिळालं तर मिळालं. "नखरा" म्हणून गाळलेलं व्याकरण श्रीमंताचं मूल दुसरीकडे उचलतं आणि बाकीच्यांच्या वाट्याला संभाषणाची पुस्तिका येते: हॉटेल कुठे आहे, तिकीट केवढ्याला.

संभाषण शिकवू नये असं कुठे म्हटलंय मी? इथल्या एशिया प्लॅटो या केंद्राला स्वित्झर्लंडच्या को गावातून पाहुणे येतात. को फ्रेंचभाषक व्हो प्रांतात आहे. मुलं त्यांच्याशी फ्रेंचमध्ये बोलतात तेव्हा त्यांना एकाही टोपीकर रूपाची गरज पडत नाही, आणि पडू नये. डेल्फ या फ्रेंच परीक्षेच्या खालच्या पायऱ्यांनाही ती लागत नाहीत. तो धडा वेगळा, हा वेगळा.

आता ज्याची मला सगळ्यांत जास्त चीड येते ते. पाचगणीत, आणि खरं तर पुण्या-मुंबईतही, फ्रेंच इंग्रजीतून शिकवली जाते. इंग्रजीतच सबजंक्टिव्ह जवळजवळ मेलेलं आहे, म्हणून शिक्षक "मे" आणि "माइट" आणि "शुड" यांच्या कुबड्या देतो आणि मुलं गोंधळतात. त्याच मुलांच्या तोंडात, घरी फोन लावल्यावर, "आईने यावं", "बाबांनी पैसे पाठवावेत", "पाऊस थांबावा" अशी वाक्यं असतात. इच्छा-आज्ञेसाठी क्रियापदाचं वेगळं रूप हवं ही कल्पना मराठी मुलाला शिकवावीच लागत नाही. ती त्याच्याकडे आहे. शिकवायचं असतं ते एवढंच, की जुनी फ्रेंच या "यावं"ला काळही लावते. ज्यांचं घर मराठी नाही अशांचीही आता सबब उरलेली नाही. महाराष्ट्राच्या २०२०च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली आहे, म्हणजे ज्या इमारतीत फ्रेंचचा तास होतो त्याच इमारतीत मराठीचाही होतो. "यावे", "करावे", "असावे" त्या तासाला फळ्यावर असतात. फ्रेंचच्या बाईंनी शेजारच्या वर्गात डोकावलं तर पन्नास टक्के काम झालेलं दिसेल. पण आपल्याकडे मराठीचा तास आणि फ्रेंचचा तास यांची एकमेकांशी तोंडओळखही नसते.

आणि मराठी माणसाला फ्रेंच वाचण्याचं कारण नुसतं व्हर्न-काम्यूपुरतं नाही. आपल्या भाषेचा पहिला मोठा शास्त्रीय इतिहास फ्रेंचमध्ये लिहिला गेला. ज्यूल ब्लॉक यांचा 'ला फॉर्मासिओं द ला लांग मारात' हा ग्रंथ १९२० साली पॅरिसहून प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजप्यांनी तो 'मराठी भाषेचा विकास' म्हणून मराठीत आणला. शिवकाळाकडे या. फ्रेंच मंत्री कोल्बेरच्या काळात हिंदुस्थानात आलेला आबे कारे याच्या प्रवासवृत्तात, १६९९ साली पॅरिसला छापलेल्या, शिवाजी महाराजांवर मजकूर आहे. पाँडिचेरी वसवणारा फ्रान्स्वा मार्तँ महाराजांच्या १६७७च्या कर्नाटक स्वारीच्या वेळी तिथेच होता आणि त्याने आठवणी लिहून ठेवल्या. त्या १९३०च्या दशकात तीन खंडांत छापल्या गेल्या. आपण हे सगळं सुरेंद्रनाथ सेनांच्या इंग्रजी भाषांतरातून किंवा त्यावरून केलेल्या मराठीतून वाचतो. सतराव्या शतकातला वखारीचा माणूस लिहितो तेव्हा त्याच्या पानावर सतत हेच असतं: अमक्याने हुकूम केला की खंडणी द्यावी, आम्हाला भीती वाटली की फौज येईल, आम्ही विनंती केली की वखारीला धक्का लागू नये. सगळी इच्छा, आज्ञा, भीती, आणि सगळी भूतकाळातली. इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह जिथे पडतं ती नेमकी जागा. शिवाजी महाराजांच्या दरबाराकडे पाहणाऱ्या फ्रेंच डोळ्यांनी काय लिहिलं हे मुळातून वाचणारा महाराष्ट्रात उद्या कुणी तयार व्हायचा असेल, तर तो अकरावीत फ्रेंच "स्कोअरिंग" म्हणून घेतलेल्या आणि बारावीनंतर ते विसरून गेलेल्या हजारोंमधून होणार नाही. तो पाचगणीतल्या एखाद्या वर्गातून होऊ शकेल, जर त्या वर्गात कुणी टोपी दाखवली असेल तर.

परीक्षेत येत नाही, हे मात्र मी फार मनावर घेत नाही. परीक्षेत न येणारं आपण पुष्कळ शिकवतो, आणि येणारं पुष्कळ न शिकवताही मुलं पास होतात. तरी गुण देण्याघेण्याची पद्धत विचारणाऱ्यांसाठी सांगते. माझ्या वर्गात नववीला "जरी" नंतर, भूतकाळात, कुणी वर्तमानातलं सबजंक्टिव्ह लिहिलं तर मी पूर्ण गुण देते. १९०१ आणि १९७६चे आदेश माझ्या बाजूला आहेत. कुणी हौसेने टोपीकर रूप लिहिलं आणि ते बरोबर असलं, तरी जास्तीचा गुण नाही. कुणी "एमासिओं" लिहिलं तर समासात एक छोटं उद्गारचिन्ह, बाकी काही नाही. पण उताऱ्यावरच्या प्रश्नात "व्हँ"वरची टोपी न पाहता कुणी लिहिलं, की तो माणूस आला, तर तिथे मी दोन्ही गुण कापते. तो अजून आलेला नसतो. त्याला फक्त यायला सांगितलेलं असतं.